कांद्याचा "भाव" एकटा सोडू नका : बाजार समित्यांना आणि बातम्यावाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या बाजार समित्यांचे सभापती, संचालक मंडळ आणि सचिव साहेब,
तसंच रोज कांद्याचा भाव छापणारे, वाचून दाखवणारे आणि ग्रुपवर टाकणारे समस्त पत्रकार बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचंही काम होईल. "भाव" हा शब्द एकटा सोडू नका. कांद्याचा भाव म्हणून एकच आकडा छापायचा असेल, बोर्डावर लिहायचा असेल, टीव्हीच्या खालच्या पट्टीत पळवायचा असेल तर तो कुठला भाव, किती मालाला मिळाला, कसल्या मालाला मिळाला आणि किलोचा आहे की क्विंटलचा, हे त्याच ओळीत लिहा. बस एवढंच. अनुदान मागत नाही, रास्ता रोको करत नाही, निवेदन घेऊन फोटो काढायला पण येणार नाही.

मी कोण ते थोडक्यात. घर निफाड तालुक्यातलं, शेती भाऊ बघतो, मी पंचवटीत राहतो आणि छोट्या दुकानदारांचे हिशोब लिहून पोट भरतो. म्हणजे दिवसभर दुकानातल्या किमती आणि संध्याकाळी भावाचा फोन आला की कांद्याचा भाव. दोन्हीकडचे आकडे डोळ्याखालून जातात म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आमच्याकडे पत्र लिहायची पद्धत नाही, आमच्याकडे थेट शिव्या द्यायची पद्धत आहे.

आता समित्यांना आधी श्रेय देतो. लासलगाव घ्या, पिंपळगाव घ्या, विंचूर घ्या, येवला घ्या, लिलाव आटोपला की मेसेज येतो, उन्हाळ कांदा आवक इतके नग (म्हणजे मालाच्या गाड्या), किमान इतका, कमाल इतका, सरासरी किंवा सर्वसाधारण इतका. तीन आकडे असतात, नीट असतात. पण तो मेसेज तिथून निघून हेडिंगपर्यंत पोहोचेस्तोवर तीनातले दोन कुठेतरी गळतात आणि एकच उरतो. आणि कुठला उरेल ते पण ठरलेलं असतं. बाजार तेजीत असला की कमाल उरतो, "कांदा तीन हजार पार!", आणि मंदीत असला की किमान उरतो, "कांदा 200 रुपये क्विंटल, बळीराजाच्या डोळ्यात पाणी". म्हणजे वर जाताना सगळ्यात वरचा आणि खाली येताना सगळ्यात खालचा. ज्याचा माल मधल्या भावात जातो, आणि बहुतेकांचा मधल्याच भावात जातो, तो माणूस बातमीत कधीच नसतो.

हिशोब करून दाखवतो, आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या दिवसाचे नाहीत. समजा 10 ट्रॉल्या आल्या, वजन सगळ्यांचं सारखं. एक ट्रॉली भारी मालाची, एकसारखा गोळा, पत्ती (वरचं साल) टिकलेली, ती गेली 2500 ने. एक गेली 1600 ने. सात ट्रॉल्या गेल्या 1100 ने. आणि एक गोल्टी-खादीची, म्हणजे बारीक, हलक्या मालाची, ती 500 ला. आता त्या दिवसाचा भाव किती म्हणायचा? हेडिंगवाला म्हणेल 2500. किमान आणि कमाल घेऊन मधला आकडा काढणारा म्हणेल 1500. सगळे पैसे बेरीज करून दहाने भागणारा म्हणेल 1230. आणि जास्तीत जास्त लोकांच्या हातात पडलेला भाव आहे 1100. एकच बाजार, एकच दिवस, चार भाव आणि चारही खरे! खोटं कोणीच बोललं नाही तरी वाचणाऱ्याची मात्र पूर्ण फसगत.

म्हणून सचिव साहेबांना एक प्रश्न राहतोच. तुमच्या मेसेजमधला "सरासरी" यातला नक्की कुठला असतो? 1500 वाला, 1230 वाला का 1100 वाला? काही समित्या "सरासरी" लिहितात, काही "सर्वसाधारण" लिहितात, सरकारी तक्त्यात "सर्वसाधारण" म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावात गेला तो असं धरतात, पण बोर्डाखाली हे लिहिलेलं कुठे दिसत नाही. एक ओळ लिहून टाका ना, "सर्वसाधारण म्हणजे आज बहुतांश माल ज्या दराने विकला गेला तो दर". ऑइलपेंटचा एक डबा पण लागणार नाही.

आता कोणी म्हणेल एवढं काय बिघडतं त्याने. बरंच बिघडतं. चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) कांदा ठेवून बसलेला माणूस सकाळी उठून तो तीन हजारांचा आकडा वाचतो, त्याला वाटतं आपलाही त्याच भावात जाईल, मग निवडायला बाया लावतो, ट्रॅक्टर भरतो, डिझेल टाकतो आणि गेटवर जाऊन बघतो तर त्याच्यासारखेच हेडिंग वाचून आलेले दीड-दोन हजार जण, लाईन रस्त्यापर्यंत, आवक वाढली की बोली खाली, आणि ज्या भावासाठी आला तो भाव त्याच्या ट्रॅक्टरपर्यंत पोहोचतच नाही. तिकडे गावात तोपर्यंत सगळ्यांनी तेच हेडिंग वाचलेलं असतं, त्यामुळे किराणावाला उधारीची आठवण काढतो, पीककर्ज देणारे सोसायटीवाले वसुलीची काढतात, मजूर म्हणतात रोज वाढवून द्या आता तुम्हाला काय कमी आहे, आणि लांबचा मेव्हणा फोन करतो. मजुराचं चुकलं असं अजिबात म्हणत नाही, त्याने वाचलं ते त्याने धरलं. आणि इकडे नाशकात मी ज्या दुकानांत बसतो तिथे गिऱ्हाईक काउंटरवर बोलतं, "आता कांदेवाल्यांची मजा आहे बुवा, आपले मात्र हाल".

त्यात गंमत बघा, शेतकऱ्याचा भाव क्विंटलमध्ये आणि गिऱ्हाइकाचा किलोमध्ये. 3000 रुपये क्विंटल म्हणजे 30 रुपये किलो, हे कागदावर पाचवीचं पोरगं सांगेल पण कानाला "तीन हजार" केवढं मोठं वाटतं! आणि कांद्याचंच नाही, पिंपळगावला टोमॅटो विचारा तर 20 किलोच्या क्रेटवर भाव, पेठ रोडला कोथिंबीर-मेथी विचारा तर शेकड्यावर म्हणजे 100 जुड्यांवर भाव, द्राक्षं जागेवर किलोने. ज्याचं त्याचं माप त्याच्या धंद्याला सोयीचं आहे, ते बदला असं म्हणत नाही, पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. पण "कोथिंबीर पाच हजारांवर" असं छापलं की मुंबईतला माणूस घाबरतो ना, त्याला कोण सांगणार की जुडीला 50 रुपये झाले. तेवढी जुडी पण लिहा.

खरं म्हणजे बोलणारी माणसं हे शब्द बरोबर वापरतात, घोळ छापताना होतो. आमच्या गावात ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचं ऐका. "काय भावाने गेला?" हा एक प्रश्न आणि "हातात काय आलं?" हा दुसरा, एकामागोमाग एक, आणि कोणी पहिल्याच्या उत्तरावर थांबत नाही. भाव बाजाराचा, किंमत वस्तूची, मोल कष्टाचं, दाम रोकडा, आणि पट्टी, म्हणजे विक्रीनंतर मिळणारी हिशोबाची पावती, ते शेवटी खरं काय ते. जमिनीला कोणी "भाव" विचारलं तर तो दलाल आहे हे लगेच ओळखतात, कारण ज्याला विकायचीच नाही तो किंमत पण सांगत नाही. आणि "त्याला कोण भाव देतं" हे माणसाबद्दल बोलतात तेव्हा त्यात पैशाचा संबंध नाही, हे सांगायला डिक्शनरी लागत नाही.

तुमच्या हेडिंगमधला "मातीमोल" हा शब्द तर दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला ठरलेला. लिहिणाऱ्याने एकदा धरणातला गाळ ट्रॉलीने शेतात आणून टाकून बघावा, जेसीबीचं भाडं, ट्रॉलीचं भाडं, डिझेल, सगळं धरून माती काय मोलाने पडते ते कळेल. कांदा मातीच्या मोलाने गेला असता तर आम्ही कशाला रडलो असतो!

पट्टीवरून आठवलं, हा विषय नीट बोलायलाच पाहिजे कारण भाव आणि हातात येणारे पैसे यात जो खड्डा आहे तो कुठल्याच बातमीत दिसत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारातली गोष्ट देशभर गाजली होती, एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला, भाव मिळाला किलोला 1 रुपया, आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वगैरे सगळं कापून हातात चेक आला 2 रुपयांचा. त्या दिवशी "भाव" होता 1 रुपया, आणि हातात आले किलोला अर्धा पैसा पण नाही. पहिला आकडा बाजाराच्या नोंदीत जातो, दुसरा फक्त त्याच्या पट्टीवर असतो. तो चेक फोटो काढून व्हायरल झाला म्हणून कळलं, एरवी अशा पट्ट्या खिशात घामाने विरघळतात.

आणि आपल्याकडे अजून एक मधला टप्पा आहे जो शहरातल्या लोकांना माहीतच नसतो. लिलावात ट्रॅक्टरवर बोली लागते, पुकारा होतो, चिठ्ठी मिळते, तो झाला पुकाराचा भाव. मग ट्रॅक्टर जातो व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, खाली करायला. तिथे अर्धा माल खाली झाला की कधी कधी आवाज येतो, "खाली माल हलका निघाला, शंभर कमी करावे लागतील". आता अर्धा कांदा खळ्यावर, अर्धा ट्रॉलीत, माणूस काय करणार, परत भरून नेणार? सगळे व्यापारी असं करत नाहीत, आणि वर भारी माल लावून खाली बारीक भरणारे शेतकरी पण आमच्यात आहेत, हे कबूल. पण बोर्डावर जो आकडा चढतो तो पुकाराचा, खळ्यावर शंभर तुटले त्याची दुरुस्ती बोर्डावर होते का? मला तरी कधी दिसली नाही. समितीने तुटलेल्या भावाची नोंद ठेवली आणि महिन्याला नुसती छापली, कोणाचं नाव न घेता, आज इतक्या नगांचा भाव खळ्यावर बदलला एवढंच, तरी अर्धे वाद मिटतील.

आता तुम्ही म्हणाल एवढं खोलात कोण लिहितं, पूर्वीपासून असंच चालतंय. पूर्वीपासूनचं म्हणाल तर जरा आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यावर जाऊन या. पायऱ्या चढायच्या, दहा नंबरच्या लेण्यात जायचं. क्षत्रप नहपान या तेव्हाच्या राजाचा जावई उषवदात, त्याने साधारण 1900 वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी 3000 कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) ठेव ठेवली त्याचा लेख तिथे भिंतीत कोरलाय. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यवसाय-संघांकडे) पैसे ठेवले, गोवर्धन हे नाव आजही गंगापूरकडच्या गावाला आहे. एकीकडे 2000, व्याज महिन्याला शेकडा 1. दुसरीकडे 1000, व्याज महिन्याला शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. त्या 2000 च्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या 20 भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. हिशोब करून बघा, 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 गुणिले 12 बरोबर 240. पैसा ना पैसा जुळतो! आणि पुढे अजून एक दान आहे 70,000 कार्षापणांचं, तिथे त्याने लिहून ठेवलंय की 35 कार्षापणांचं एक सुवर्ण (सोन्याचं नाणं) या दराने हे 2000 सुवर्णांचं मूल्य झालं. नुसता मोठा आकडा नाही फेकला, दर पण सांगितला. वर हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं असंही त्यातच लिहिलंय.

म्हणजे रक्कम, दर, कुठल्या नाण्यात, कोणाकडे, कशासाठी, आणि सगळ्यांसमोर वाचून. फलकावर! त्या माणसाकडे व्हॉट्सअप नव्हतं, छिन्नी होती, एक अक्षर जास्त कोरायचं म्हणजे केवढा कष्ट, तरी दर गाळला नाही. आणि आपल्याला फुकटात टाइप करायचंय तर "कमाल" हा तीन अक्षरी शब्द जड जातो.

ज्या गावात नोटा छापतात त्या गावाने तर आकड्याच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोर असायला पाहिजे खरं म्हणजे. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा निघतात, नोटेच्या मागच्या पट्टीत 15 भाषांत रक्कम अक्षरी लिहिलेली असते, का तर आकडा कोणी चुकीचा वाचू नये म्हणून. असो.

सरकारी शब्दांकडे येतो. इथे मात्र घोळ बोलण्यातला नाही, मुद्दाम ठेवलेला आहे असं माझं मत आहे. "हमीभाव" घ्या. शब्दात हमी आहे आणि भाव आहे, ऐकायला किती छान. पण कागदावर त्याचं नाव "किमान आधारभूत किंमत", केंद्राच्या यादीत 22 पिकं, आणि कांदा त्या यादीत नाहीच. तरी दर निवडणुकीला भाषणात "कांद्याला योग्य हमीभाव" येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. बरं ज्या पिकांना आहे त्यांचं "उत्पादन खर्चाच्या दीडपट", 2018 च्या बजेटमध्ये जाहीर झालं. खर्च म्हणजे कुठला? बी-बियाणं, खतं, मजुरी असा खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरली की त्याला म्हणतात ए-टू अधिक एफएल. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडं) आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज धरलं की होतो सी-टू, तो बराच जास्त निघतो. सरकारने दीडपट केलं ते पहिल्याचं, शेतकरी संघटना मागतात ते दुसऱ्याचं, आणि बातमीत दोघांचा शब्द एकच, "खर्च". मग घरात बसून टीव्ही बघणाऱ्याला वाटतं दीडपट देऊन पण हे लोक रस्त्यावर का येतात.

कांद्याचं तर 2023-24 चं वर्षच आठवा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, जिल्ह्यातल्या समित्या बंद पडल्या, मग सरकारने नाफेड-एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत 2410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली. तो 2410 आकडा इतका फिरला की शहरातल्या लोकांना वाटलं आता सगळ्याच कांद्याला 2410 मिळणार. तो भाव सरकारी खरेदीचा, ठराविक केंद्रांवर, ठराविक प्रतीच्या मालाला. गेटवरच्या लिलावात त्याची कोणावर सक्ती नव्हती. मग डिसेंबरमध्ये निर्यात बंदच केली. मे 2024 मध्ये उघडली तेव्हा अट आली "किमान निर्यात मूल्य 550 डॉलर टन", आणि वर 40 टक्के शुल्क ते वेगळंच. आता "किमान मूल्य" ऐकलं की एखाद्याला वाटेल शेतकऱ्याला किमान एवढं तरी मिळणार. उलटं आहे! त्याचा अर्थ यापेक्षा स्वस्त परदेशात विकायचाच नाही. तेव्हाच्या डॉलरच्या हिशोबाने किलोला साधारण 45-46 रुपये, त्यावर शुल्क, म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाने पाकिस्तानचा नाहीतर इजिप्तचा कांदा घ्यावा. एक "किमान" शेतकऱ्याला आधार देणारा आणि दुसरा "किमान" त्याची वाट अडवणारा, आणि छापताना दोन्हींच्या खाली एक ओळ स्पष्टीकरण नाही. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये ती अट काढली, शुल्क 20 टक्के केलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही काढलं. तोवर ज्याचा विकला त्याचा विकला.

त्याच्या आधी राज्य सरकारचं 350 रुपयांचं पण झालं होतं. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे 350, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत. ते होतं अनुदान. पण चर्चेत लोक म्हणायचे "कांद्याला साडेतीनशे भाव वाढवून दिला". अनुदान अर्जाने मिळतं, सात-बारावर पिकाची नोंद लागते, पट्टी लागते, महिन्यांनी खात्यात येतं. भाव काट्यावर मिळतो. ज्याने पट्टी जपून ठेवली नाही किंवा सात-बारावर कांदा लावायचा राहिला त्याला विचारा दोन्हींतला फरक.

पत्रकार मंडळींना वाटेल की आमच्यावरच का घसरला. तर एक साधी गोष्ट सांगतो, माझ्या रोजच्या कामातली. बिस्किटच्या पुड्यावर काय छापलेलं असतं बघा, "कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित". नुसतं "किंमत 10 रुपये" लिहून चालत नाही. 2011 चे वजनमापाचे नियम आहेत, निव्वळ वजन लिहावं लागतं, आता तर ग्रॅमला किती पडतं तेही छापावं लागतं. चुकलं तर इन्स्पेक्टर येतो आणि दंड होतो, माझ्याच एका दुकानदाराकडे आला होता, वेगळी कहाणी. म्हणजे 10 रुपयांच्या पुड्याला कायद्याने सांगावं लागतं की हा आकडा वरची मर्यादा आहे, आणि ज्या आकड्यावर लासलगावपासून दिल्लीपर्यंत हजारो लोक निर्णय घेतात, कोण माल आणतो, कोण थांबवतो, कोण शुल्क लावतो, त्याला नुसतं "भाव" म्हणून सोडून देता. कायदा करा असं मी म्हणत नाही, कायद्याचं आमच्याकडे काय होतं ते माहीत आहे. सवय करा म्हणतो.

कसं लिहायचं ते पण देतो, म्हणजे जागा नाही, वेळ नाही ही कारणं नकोत. आकडे मनाचे आहेत:

"उन्हाळ कांदा, आवक 900 नग. बहुतांश माल 1100 रुपये क्विंटल (किलोला 11 रुपये). कमाल 2500, फक्त 3 नगांना. किमान 500, गोल्टी."

बघा, अडीच ओळी. हेडिंग पाहिजे असेल तर "बहुतांश कांदा अकराशेने, तीन ट्रॅक्टरना अडीच हजार". हे पण चटपटीत आहे की, उलट जास्त लोक वाचतील, कारण प्रत्येकाला बघायचं असेल ते तीन नशीबवान कोण. कमाल भावाचे किती नग गेले हा आकडा समितीकडे असतोच, लिलावाच्या चिठ्ठ्या असतात, कॉम्प्युटर आहे, काढायला दोन मिनिटं. आजपर्यंत कोणी मागितला नाही म्हणून दिला जात नाही एवढंच.

एकदम सगळ्यांना जमणार नाही हे कळतं. एखाद्या समितीने सुरू करावं. लासलगावने केलं तर बाकीचे आपोआप येतील, आशियातली सगळ्यात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून कौतुक करून घेता ना, मग पहिलं पाऊल तुमच्याकडूनच पाहिजे. नाही जमलं तर एखाद्या छोट्या उपबाजाराने करून दाखवावं, त्यांचं नाव मी स्वतः दहा ग्रुपवर फिरवीन. आणि पेपरवाल्यांपैकी एकाने जरी बाजारभावाच्या तक्त्यात "सर्वसाधारण" चा कॉलम पहिला आणि ठळक केला, कमालचा शेवटी नेला, तरी पुरे, तक्ता तोच, जागा तेवढीच, नुसती अदलाबदल.

उत्तर द्यायचं असेल तर मला नको, बोर्डावर द्या. सोमवारी भाऊ ट्रॅक्टर घेऊन येणारच आहे, तो वाचेल आणि मला कळवेल.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक कांदेवाला
(मूळ निफाड तालुका, हल्ली मुक्काम पंचवटी, नाशिक)

ता. क. : सराफ बाजारातल्या मंडळींनी हे वाचून गालात हसू नये. पेढीवर "तोळ्याचा भाव" म्हणून सांगता तो 10 ग्रॅमचा असतो, आणि घरातल्या म्हातारीच्या डोक्यात तोळा अजून 11.66 ग्रॅमचा आहे. त्यात 24 कॅरेटचा भाव सांगून 22 चा दागिना दाखवायचा, घडणावळ वेगळी, 3 टक्के जीएसटी वेगळा. तुमच्यासाठी वेगळं पत्र लिहायला घेतलंय, लग्नसराईच्या आधी पोहोचेल.